म्हशी कुठं गेल्या? भरतपूरच्या पाणथळीतल्या वाटांचा इतिहास

राजस्थानातल्या भरतपूर शहराला लागून केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यानाच्या साधारण मध्यावर महादेवाचं एक छोटं देऊळ आहे, केवलादेव हे नाव त्याचंच. देवळाजवळ दगडावर कोरलेला एक मजकूर आहे आणि तो वाचताना जमाखर्चाची वही वाचतोय असं वाटतं. तारीख, पाहुणा कोण, बंदुका किती, पक्षी किती. सुरुवातीलाच १९०२ सालचे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन भेटतात: १७ बंदुका, ५४० पक्षी. पुढे आकडे चढत जातात. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. एका दिवसात.

हा दगड कुणी हलवला नाही, झाकला नाही, याचं मला आधी आश्चर्य वाटलं आणि नंतर बरं वाटलं. कारण आज आपण आईवडिलांना आणि पोरांना घेऊन, गळ्यात दुर्बीण अडकवून ज्या वाटांवर फिरतो, त्या आपल्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, मधून मातीचा बांध आणि बांधावर बाभळींची सावली ही फोटोत इतकी शांत दिसणारी रचना शिकारीच्या सोयीतून आकाराला आली. पक्षी जवळून दिसावेत अशीच ती होती आणि आजही दिसतात ते म्हणूनच.

मी गुरुग्रामला नोकरी करते. सॉफ्टवेअरचं काम, दिवसभर पडद्यासमोर. दिल्लीहून भरतपूर सुमारे १८० किलोमीटर. त्यामुळे हिवाळ्यात आईबाबा नाशिककडून आले की दोन दिवस तिकडं जायचं असं गेली तीन वर्षं ठरून गेलंय. सोबत बहीण आणि तिची सात वर्षांची मुलगी. कुटुंबानं मिळून रानात जायचं ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. कार्तिकात आवळीभोजनाला आवळ्याच्या झाडाखाली पंगत बसायचीच. पण तिकीट काढून, ठरलेल्या वाटेनं, हळू आवाजात बोलत, काहीही न तोडता आणि काहीही न घेता रानात चालून परत यायचं, ही रीत मात्र अलीकडची आहे. बाबांना ती अजूनही थोडी गमतीची वाटते. आमचं घर निफाड तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. रानात माणूस कामाशिवाय कशाला जाईल, असा त्यांचा मुळातला प्रश्न.

फाटकातून आत गेल्यावर आधी कोरडं रान लागतं. कळंब, जांभूळ, बाभूळ, बोर, पिलू. एखाद्या ढोलीत दिवसाढवळ्या पिंगळ्यांची जोडी डोळे किलकिले करून बसलेली असते. मग झाडी विरळ होते आणि पाणी सुरू होतं. पावसाळ्यानंतर या पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे, तिरंदाज असे शेकडो पक्षी एकत्र घरटी करतात. अशा वसाहतीला मारुती चितमपल्लींनी मराठीत ‘सारंगागार’ असा सुंदर शब्द दिला आहे. भाचीला तो इतका आवडला, की त्या दिवशी तिनं रिक्षावाल्या सरदारजींनाही तो म्हणायला लावला.

पाण्याच्या कडेला आम्ही थांबलो होतो. सगळे पक्ष्यांकडं बघत होते. बाबा मात्र पाण्याकडं बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “गवत बघ किती माजलंय. इथं कुणाच्या म्हशी नाहीत का?”

सरदारजी हँडलवर हात ठेवून उभे होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण म्हशीचा शब्द ओळखीचा असावा. ते म्हणाले, “भैंसें? पहले सब यहीं चरती थीं।” आणि पुढं काही बोलले नाहीत. बाबांचा प्रश्न आणि सरदारजींचं ते एक वाक्य यांच्यामध्ये भरतपूरचा सगळा इतिहास आहे, हे मला पुढं वाचताना कळत गेलं.

बांध

सुरुवात पाण्यापासून करावी लागते, कारण इथलं पाणी मुळात माणसानं वळवलेलं आहे.

गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या सपाट खोऱ्यात भरतपूरचा भाग बशीसारखा खोलगट आहे. पावसाळ्यात पूर यायचा आणि पाणी साचून राहायचं. अठराव्या शतकात इथले जाट राजे सूरजमल यांनी अजान बंध बांधून हे पाणी अडवलं, असं मानलं जातं. मराठी वाचकाला सूरजमल परके नाहीत. १७५४ साली मराठ्यांनी त्यांच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता आणि त्या वेढ्यात अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव तोफेच्या गोळ्यानं मारले गेले. त्यानंतर सातच वर्षांनी, पानिपतावरून जीव वाचवून परतणाऱ्या मराठ्यांना याच सूरजमलनी अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्याच मार्गानं परत आल्या. आईला मी हे तिथंच, बांधावर चालता चालता सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आपले लोक इथं येऊन गेलेत तर.” त्यानंतर तिनं त्या पाण्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं.

या राज्यात पाणी हे शेतीइतकंच संरक्षणाचंही साधन होतं. भरतपूरच्या किल्ल्याच्या मातीच्या जाड भिंती आणि भोवतीचा भरलेला खंदक यांनी १८०५ साली जनरल लेकचे हल्ले परतवून लावले. तेव्हा किल्ल्यात यशवंतराव होळकरही होते. वीस वर्षांनी इंग्रज पुन्हा आले, तेव्हा त्यांनी आधी पाण्याचा बांध ताब्यात घेतला, म्हणजे खंदकात पाणी सोडता येणार नाही. १८२६च्या जानेवारीत किल्ला पडला. बांध ज्याच्या हाती, त्याच्या हाती भरतपूर, हे तेव्हाच दिसून आलं होतं. दोनशे वर्षांनंतरही ते बदललेलं नाही.

किल्ल्यापासून थोड्या अंतरावर जे दाट रान होतं त्याला ‘घना’ म्हणत. तिथं पावसाळ्यात पाणी साचायचं, उन्हाळ्यात आटायचं आणि आजूबाजूच्या गावांची गुरं चरायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत घना म्हणजे मुख्यतः गायरान होतं.

बंदुका

त्या सुमाराला मोरवीचे राजपुत्र हरभामजी भरतपूरचा कारभार पाहत होते. त्यांच्या काळात घना बदलला. अजान बंधातून कालव्यानं पाणी आणायचं, मातीचे बांध घालून खोलगट भागाचे कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्याला दरवाजे बसवून पाण्याची पातळी हवी तशी ठेवायची, अशी व्यवस्था उभी राहिली. हेतू एकच होता, उत्तरेकडून हिवाळ्यात येणारी बदकं हजारोंनी इथं उतरावीत आणि पाहुण्यांना त्यांची शिकार करता यावी.

व्यवस्था म्हणून पाहिलं तर ती हुशारीची होती. पाणी फार तर एक-दोन मीटर खोल. जुलै ते सप्टेंबर भरायचं, हिवाळाभर सांभाळायचं, उन्हाळ्यात आटू द्यायचं. काही कप्पे खोल, काही उथळ, काही नुसतेच ओले. त्यामुळे बुडी मारणारी बदकं, पाण्यावरचं टिपणारे थापटे, चिखलात चोच खुपसणारे चिखलपक्षी आणि ओल्या गवतात उतरणारे पट्टकादंब हंस, अशा सगळ्यांची एकाच वेळी सोय होते. जेमतेम २९ चौरस किलोमीटरच्या जागेत साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. त्यामागं ही दारं आणि हे बांध आहेत. पक्ष्यांच्या भल्याचा विचार न करता उभारलेल्या यंत्रणेनं पक्ष्यांसाठी आशियातल्या उत्तम जागांपैकी एक तयार केली.

त्या दगडावरचे पाहुणे म्हणजे व्हाइसरॉय, सेनापती, राजेमहाराजे. मला त्या यादीत आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे तिच्यात जे नाही ते. शिकारीचे दिवस वर्षातले थोडे. उरलेल्या दिवसांत इथं म्हशी होत्या, गुराखी होते, गवत कापणाऱ्या बाया होत्या, लाकूडफाटा वेचणारी माणसं होती. राजाच्या शिकारखान्यात गावाची गुरं चरत होती आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नव्हती. त्या माणसांच्या नोंदी कुणी दगडावर कोरल्या नाहीत.

भिंत

स्वातंत्र्यानंतर घन्यावर पहिलं संकट आलं ते शेतीचं. आजूबाजूच्या लोकांना जमीन हवी होती आणि राजाची शिकारीची जागा आता वाटून टाकावी, ही मागणी त्या काळात अगदी रास्त वाटणारी होती. पाणथळ ती, ती वाचवायची कशाला? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सालिम अली यांनी घना वाचवण्यासाठी थेट जवाहरलाल नेहरूंपर्यंत शब्द टाकला. १९५६ साली घना पक्षी अभयारण्य झालं. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२पर्यंत शाबूत राहिला. म्हणजे सोळा वर्षं हे अभयारण्यही होतं आणि शिकारीची जागाही.

याच काळात सोसायटीनं इथं पक्ष्यांना कडी घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर केलं. पक्षी जिवंत पकडायचा, पायात क्रमांक कोरलेली हलकी कडी घालायची, सोडून द्यायचा आणि तो पुढं कुठं सापडतो त्याची वाट पाहायची. पक्षी पकडायला बिहारमधले मीरशिकार आणले होते, पिढ्यान् पिढ्या पाखरं धरण्याचा धंदा करणारे. पाण्यात जाळं कुठं टाकायचं, बदकं कुठल्या वेळी कुठं सरकतात, हे त्यांना ठाऊक होतं. एकेकाळी बाजारासाठी वापरलेली ती विद्या इथं शास्त्राच्या कामी आली. भरतपूरच्या पक्ष्यांबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यात या माणसांच्या हातांचा मोठा वाटा आहे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशभर चित्र बदललं. १९७०च्या दशकाच्या शेवटी घन्याभोवती दोन मीटर उंचीची दगडी भिंत बांधली गेली. १९८१च्या ऑक्टोबरमध्ये घना रामसर करारातलं आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ ठिकाण ठरला आणि त्याच सुमारास त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढं १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला ही एकापाठोपाठ एक यशाची पायरी वाटेल.

पण अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान या शब्दांत कायद्यानं एक मोठा फरक केला आहे. अभयारण्यात काही अटींवर गुरं चरू देता येतात. राष्ट्रीय उद्यानात गुरांना मज्जाव आहे. त्यामुळे घन्याचा दर्जा वाढला त्या क्षणी म्हशी बेकायदा झाल्या. सालिम अलींसह अनेक शास्त्रज्ञांचाही चराईबंदीला पाठिंबा होता. गुरं गवत खातात, जमीन तुडवतात, घरट्यांच्या झाडांना त्रास देतात, म्हणून ती बाहेर गेली की पाणथळ सुधारेल, हा तेव्हाचा सर्वमान्य समज होता.

१९८२च्या नोव्हेंबरमध्ये बंदी लागू झाली. जिथं आज्यापणज्यांच्या काळापासून म्हशी सोडल्या जात होत्या, तिथली दारं एकाएकी बंद झाली. चारा कुठून आणायचा याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. लोक जमले, भिंतीपाशी संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे बळी गेले.

ज्या जागेत बंदुकीनं पक्षी मारणं दहा वर्षांपूर्वी कायमचं थांबलं होतं, तिथं गोळीनं माणसं मेली, आणि तीही पक्षी राखण्यासाठी. त्यांची नावं कोरलेला दगड मला उद्यानात दिसला नाही.

गवत

इथून पुढची गोष्ट मला माझ्या कामामुळे अधिक लागते.

आमच्या क्षेत्रात जुन्या, मोठ्या प्रणाली असतात. वीस वर्षं चालू असलेल्या, अनेकांनी हात लावलेल्या. त्यात एखादा भाग निरुपयोगी, अडगळीचा दिसतो. नवा माणूस येतो आणि म्हणतो, हा काढून टाकू. जाणती माणसं म्हणतात, काढ, पण तो काय करत होता हे आधी मला सांग. आणि काढल्यावर काय होतंय याची नोंद ठेव.

भरतपूरमध्ये निदान नोंद ठेवली गेली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं १९८०पासून इथं दहा वर्षांचा परिसंस्थेचा अभ्यास चालवला होता. डॉ. व्ही. एस. विजयन त्याचे प्रमुख होते. बंदी अभ्यासाच्या मध्येच आली, त्यामुळे म्हशी असतानाची आणि नसतानाची अशी दोन्ही चित्रं संशोधकांच्या हाती लागली. जगात फार थोड्या ठिकाणी अशी संधी मिळते.

दिसलं ते अपेक्षेच्या उलट होतं. पास्पॅलम नावाचं एक पाणगवत उथळ पाण्यात पसरतं. म्हशी पाण्यात उतरून तेच खात होत्या. म्हशी गेल्या आणि गवत मोकळं सुटलं. त्यानं पाण्यावर जाड गादी अंथरली. उघडं पाणी कमी झालं. बदकांना उतरायला जागा राहिली नाही, माशांना अडचण झाली आणि मासे घटले की बगळ्या-बलाकांच्या पिल्लांचं अन्न घटलं. वाळलेलं गवत कुजून तळाशी बसतं आणि पाणथळ हळूहळू भरत जाते, ती गोष्ट वेगळीच. यंत्रं लावून गवत काढायचे प्रयत्न झाले, पण जे काम म्हशी रोज फुकटात आणि आपल्या पोटासाठी करत होत्या, ते यंत्राला तसं जमेना. अभ्यासाचा निष्कर्ष स्पष्ट होता: या पाणथळीला म्हशींची गरज आहे.

म्हणजे ज्या संस्थेतल्या जाणत्यांनी बंदीला पाठिंबा दिला होता, त्याच संस्थेच्या अभ्यासानं बंदीविरुद्ध साक्ष दिली. शास्त्राबद्दलचा माझा आदर या प्रसंगानं वाढला. आपल्याला सोयीचं नसलेलं उत्तर छापून मोकळं होणं सोपं नसतं. पण अहवाल आला तोवर माणसं मेलेली होती आणि कायदा जागच्या जागी होता. कायद्यात ‘म्हशींची गरज असलेलं राष्ट्रीय उद्यान’ असा प्रकार नाही. पुढं गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून न्यायची मुभा मिळाली. नंतरच्या काळात माजलेली वेडी बाभूळ मुळासकट उपटून लाकूड घरी नेण्याचं कामही गावकऱ्यांनाच दिलं गेलं. म्हणजे जनावराला बंदी असलेल्या भिंतीतून त्याच्या मालकाला विळा घेऊन आत घेतलं गेलं. फार उशिरा निघालेली, पण शहाणपणाची वाट.

या काळातच सायबेरियन क्रौंच कमी होत गेले. १९६४-६५च्या हिवाळ्यात इथं सुमारे २०० क्रौंच मोजले होते. २००१-०२मध्ये शेवटची जोडी दिसली. त्यानंतर नाही. गावकरी म्हणत, की म्हशींच्या खुरांनी माती भुसभुशीत व्हायची म्हणून क्रौंचांना चिखलातले कंद काढता यायचे. पण सगळा दोष गवतावर टाकता येणार नाही. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून, वाटेत अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या शिकाऱ्यांना चुकवत येत होते. तरीही गावकऱ्यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण खूर आणि कंद यांचा संबंध लावायला वर्षानुवर्षं त्याच चिखलात उभं राहावं लागतं.

पुन्हा पाणी

म्हशींचा वाद थंडावत होता तोवर पाण्याचा वाद उभा राहिला. गंभीर नदीवर वरच्या अंगाला, करौली भागात पांचना धरण झालं. पाऊस कमी झाला की धरणाखालच्या भरतपूरला पाणी पोचेना. उद्यानाला वर्षाला सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतं. २००४च्या आसपासपासून काही वर्षं फार कठीण गेली. पाण्याचे कप्पे कोरडे पडले, सारंगागारं ओस पडली आणि जागतिक वारशाचा दर्जा धोक्यात येईल अशी चर्चा सुरू झाली.

वरच्या भागातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं सरळ होतं, आमची पिकं वाळत असताना पाखरांना पाणी कसं सोडायचं? याला उत्तर देणं मला जमत नाही. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा तेही गप्प राहिले. द्राक्षाच्या बागेला टँकरनं पाणी घातलेला माणूस या प्रश्नावर चटकन बोलत नाही. अखेर गोवर्धन ड्रेनमधून पुराचं पाणी नळानं आणण्याची योजना झाली आणि २०१२च्या सुमारास ती सुरू झाली. चंबळेचंही काही पाणी मिळू लागलं. आज आपण जे पाणी बघतो ते बऱ्याच अंशी पंपांनी, नळांनी आणि सरकारी बैठकांनी आणलेलं आहे.

हे कळल्यावर आईनं विचारलं, “मग याला निसर्ग म्हणायचं का?” प्रश्न साधा होता आणि मला वाटतं खरा होता. बांध राजाचा, कप्पे शिकारीचे, गवत म्हशींनी राखलेलं, भिंत सरकारची, पाणी नळाचं. पण त्या पाण्यात उतरणाऱ्या बदकाला यातलं काही ठाऊक नाही. सैबेरियातून निघालेला पक्षी इथंच उतरतो, कारण इथं त्याला हवी तेवढी खोली आणि हवं ते खाणं आहे. मी तिला म्हटलं, घरच्या विहिरीसारखं म्हण. पाणी देवाचं, पण विहीर कुणीतरी खणलेली, आणि दरवर्षी गाळ काढला नाही तर बुजणारी.

चालणारी माणसं

घन्याच्या इतिहासात ठरावीक काळानं एक निर्णय घेतला गेला आहे, आत कुणी चालायचं. आधी गुराखी आणि राजा, दोघंही. मग गुराखी, राजा आणि व्हाइसरॉय. मग शास्त्रज्ञ आणि मीरशिकार. मग भिंत आणि तिच्या आत फक्त तिकीट काढलेला माणूस. प्रत्येक वेळी आत चालणारी माणसं बदलली आणि त्यांच्याबरोबर पाणथळही बदलली. आपण कुटुंबासह फिरायला जातो तेव्हा आपल्याला वाटतं, आपण नुसते बघे आहोत. तसं नसतं. आपल्या तिकिटावर फाटकापाशी सायकली भाड्यानं देणारे जगतात. पक्षी ओळखायचं शिकून वाटाडे झालेले रिक्षावाले जगतात. आमच्या सरदारजींना तीसएक पक्ष्यांची इंग्रजी नावं तोंडपाठ होती आणि दुर्बिणीशिवाय ते तिरंदाज आणि पाणकावळा यांतला फरक दुरून सांगत होते. आपण गेलो नाही तर त्यांचं ज्ञान आणि त्यांचं पोट दोन्ही सुटतं.

म्हणूनच मला वाटतं, की अशा फेरीत मुलांना पक्ष्यांच्या नावांबरोबर हेही सांगायला हवं. सात वर्षांच्या मुलीला गोळीबार कसा सांगायचा, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. मी तिला म्हशींची गोष्ट सांगितली. म्हशी गवत खायच्या म्हणून पाणी मोकळं राहायचं, म्हणून बदकं यायची, आणि मोठ्या माणसांनी म्हशी बाहेर काढल्या. तिनं विचारलं, “मावशी, म्हशींना परत का नाही बोलावत?” विजयन यांच्या अहवालानंही साधारण हेच विचारलं होतं.

आमच्या घरापासून फार लांब नाही, तिथं नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीसाठी बंधारा घातला गेला. त्यामागं गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, आणि पक्षी आले. म्हणजे ही जागाही माणसानं घडवलेली. तिला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात आणि आम्हा नाशिककरांना त्याचा अभिमान आहे. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून तिची नोंद झाली. हिवाळ्यातल्या रविवारी चापडगावच्या मनोऱ्यांवर नाशिकहून आलेल्या कुटुंबांची गर्दी असते. भोवती ऊस आहे, द्राक्षं आहेत, गुरं आहेत, मासे धरणारी माणसं आहेत.

नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान नाही. भरतपूरचा इतिहास वाचल्यावर हा फरक मला कागदावरचा वाटत नाही. पाणथळ राखायची आहे, ती राखलीच पाहिजे, आणि शेतातली रसायनं, गाळ, पाणपर्णी यांचे प्रश्न तिथं आजही आहेत. पण ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणताना भरतपूरचे पक्षी तेवढे घ्यायचे आणि १९८२ विसरायचं, असं करून चालणार नाही. तिथं उद्या कुणी एखादा नियम करायला बसेल, कुणाची जनावरं, कुणाचं जाळं, कुणाची पायवाट बंद करायला निघेल, तेव्हा निफाडचा एखादा शेतकरी पाण्याकडं बघून काय विचारतो हे आधी ऐकून घ्यावं. भिंत बांधायच्या आधी.